दोन शेर मीठ घेऊन अल्मोड्याला

हिमालयात जाताना माणसं लोकरीचे कपडे, काठी आणि चार देवांची नावं बरोबर घेतात. मी बारा मोठे कागद, सात कुंचले, घडीचा लाकडी स्टँड, बसायला तिपाई, मुंबईत चित्रकारांची म्हणून विकतात ती चपटी टोपी आणि दोन शेर मीठ घेऊन गेलो. टोपी अल्मोड्यात पोचल्यावर दुसऱ्याच दिवशी दरीत गेली, तिच्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. मिठाबद्दल मात्र सगळंच सांगावं लागेल.

आमचं घर ठाण्याजवळ माजिवड्याला आणि मिठागर खाडीवर. आजोबांच्या आधीपासून आम्ही मीठच पिकवत आलो. घराण्यातला पहिला मॅट्रिक मी, आणि मुंबईला जाऊन चित्रकला शिकून ठाण्याच्या शाळेत ड्रॉइंग मास्तर झालेलाही पहिलाच. दिवसा मुलांना कळशी, जास्वंद आणि केळ्यांचा घड शिकवायचा आणि संध्याकाळी ओटीवर खाडीकडे पाठ करून, न पाहिलेले डोंगर काढायचे, असा माझा सहा वर्षांचा क्रम होता. खाडीकडे पाठ मुद्दाम करत असे. जन्मभर मीठच बघितलेलं, त्यात काढण्यासारखं काय असणार, असा माझा कलावंताचा तोरा होता.

बाबांना साठी लागली होती आणि त्यांचं एकच पालुपद होतं. "पोरांना केली काढाला शिकवून काय व्हतंय? आथा मिठागर कोन बगनार?" एके दिवशी मी फणकाऱ्यानं म्हणालो, की मी चित्रकार आहे, आणि हिमालय काढून आणीन तेव्हा कळेल तुम्हाला. बाबा तंबाखू मळत होते. मळून झाली, चिमूट दाढेखाली गेली, मग म्हणाले, "जा. आन काढून. ते बगून माजे पाय थांबले, तर तू शालेत र्‍हा, मी परत नाय बोलनार. नाय थांबले, तर पावसाला सरला की फावडा हातात घे."

मी कबूल झालो. आता मे महिन्यात बाबांचे पाय कशापुढेही थांबत नाहीत, हे मला तेव्हाच आठवायला हवं होतं. वाफ्यांतलं शेवटचं मीठ ओढायचं, बांधावर राशी घालायच्या आणि पावसाच्या आत त्या पेंढ्यानं आणि माडाच्या विणलेल्या झापांनी शाकारायच्या, यात त्यांना जेवायलाही उसंत नसते. आभाळात काळं दिसलं की आधी सगळ्यात चांगली रास झाकायची, बाकीच्यांचं नशीब बाकीच्यांपाशी, हा त्यांचा जन्माचा नेम. अशा ऐन घाईत त्यांचा एकुलता एक मुलगा टोपी घालून हिमालयाला निघाला.

निघताना त्यांनी दोन शेर मिठाचं गाठोडं माझ्या वळकटीत कोंबलं. "परक्याचा मीठ खाल्ला की जन्मभर त्याला जागावा लागतंय. लांबच्या मुलखात कुनाकुनाला जागशील? आपलाच खा." मी सुशिक्षित माणूस, असल्या समजुतींना हसणारा. पण पैज लागलेल्या बापाला नाही म्हणायची छाती झाली नाही, आणि गाठोडं आलं.

काठगोदामच्या पुढे

आगगाडी काठगोदामला संपते आणि तिथून मोटार लागते. पहिल्या वीस वळणांपर्यंत मी शेजाऱ्याला प्रकाश आणि छाया यांबद्दल सांगत होतो. पुढच्या वळणांवर मी खिडकीबाहेर होतो. शेजारी सज्जन होता. माझ्या कोटाची शेपटी धरून बसला आणि गरमपाणी नावाच्या थांब्यावर त्यानं मला उतरवून घेतलं. तिथे बटाट्याची भाजी आणि राईचं दही देतात, त्या दह्याची झिणझिणी टाळूतून थेट कवटीत जाते. मी गाठोडं सोडून त्यावर आमचं मीठ भुरभुरलं. दुकानदार माझ्याकडे, मग आपल्या दह्याकडे आणि मग पुन्हा माझ्याकडे बघत राहिला. त्या नजरेचा अर्थ मला तिथेच कळला असता, तर पुढची फजिती टळली असती.

अल्मोडा

माझा मुंबईतला वर्गमित्र जगदीश साह अल्मोड्याच्या शाळेत ड्रॉइंग मास्तर आहे. त्याच्याकडे मी उतरलो होतो. घरात तो आणि त्याची आई. आईला तिकडे ईजा म्हणतात, म्हणून मीही ईजाच म्हणू लागलो.

अल्मोडा हे घोड्याच्या पाठीवर खोगीर टाकावं तसं डोंगराच्या धारेवर टाकलेलं गाव आहे. बाजाराचा रस्ता सगळा दगडी फरशांचा. दुतर्फा दुमजली घरं, आणि त्यांच्या लाकडी चौकटींवर मोर, वेली, देव असं कोरीव काम इतकं, की खिडकीतून डोकावणारी म्हातारीसुद्धा कोरलेली वाटावी. खाली तांबटांची आळी. तिथे दिवसभर हातोड्यांचा ठेका चालतो आणि घागरीच्या पोटावर ठोक्यांची नक्षी उमटत जाते. डोंगरावर कुठे एखादा गोरा चित्रकार राहतो, कुठे गाणारा. मी टोपी घालून बाजारातून फिरलो ते लोकांनी मला वळून बघावं म्हणून. कोणी बघितलं नाही. जिथे भांडी विकणारासुद्धा कलावंत, तिथे टोपीला कोण विचारतो? पुढच्या वळणावर वाऱ्यानं ती उडवली आणि प्रश्न मिटवला. बाजाराचं चित्र मग मी उघड्या डोक्यानंच काढलं.

उंबरठे तर बघत राहावेत असे. आपल्याकडे बायका सकाळी सडा घालून चिमटीनं कोरडी रांगोळी काढतात आणि दुपारपर्यंत ती पायांनी पुसूनही जाते. तिकडे गेरूनं जमीन सारवतात आणि ओल्या तांदळाच्या पिठीत तीन बोटं बुडवून, थेट बोटांनीच रेघा ओढतात. त्याला ऐपण म्हणतात. वाळलं की महिनोन् महिने राहतं. ईजा देवघरापुढे ऐपण काढत होत्या आणि मी मास्तर, म्हणून न राहवून सांगितलं, "ईजा, यहाँ बीच में खाली दिखता है. कुछ भरो."

त्यांनी मान वर न करता उत्तर दिलं, "सब भर दूँगी तो दिखेगा क्या?"

जगदीश हसला. मी त्याचा अर्थ लावायचं पुढे ढकललं आणि हात धुवायला गेलो, कारण पानं वाढली होती.

मिठाची गोष्ट

जेवायला भात, गहताची डाळ म्हणजे आपले कुळीथच, मुळ्याची भाजी आणि पानाच्या कडेला हिरव्या चटणीसारखं काहीतरी. मी पहिला घास घेतला, हात सवयीनं कमरेला गेला, आणि गाठोडं सोडून डाळीवर चिमूटभर, भाजीवर चिमूटभर मीठ घातलं. आमच्याकडे हे इतकं साधं, की मला ते केल्याचंही कळलं नाही.

ईजांचा हात थांबला. जगदीशचा चेहरा उतरला. मग ईजांनी हळूच विचारलं, "मेरे नमक में क्या खोट है, बेटा?"

नंतर जगदीशनं सांगितलं, की त्या भागात घरचं मीठ हाच बाईचा मान असतो. ती हिरवी चटणी नव्हती, ते पिस्यूं लूण होतं, म्हणजे मीठच. हिरवी मिरची, लसूण, कोथिंबीर आणि भाजलेलं भांगेचं बी घालून पाट्यावर वाटलेलं. ईजांच्या लुणासाठी लांबून लांबून माणसं यायची. त्यांच्या पानावर बसून मी गाठोडं सोडणं म्हणजे एखाद्या सुगरणीच्या पंक्तीला बसून खानावळीचा डबा उघडण्यासारखं होतं.

मी माझ्या हिंदीत खुलासा केला. बाप नमक का खेती करता है, दुसरे का नमक खाया तो उसका होना पडता है, बाप को डर लगता है. जितका खुलासा करत गेलो तितका खोल रुतत गेलो. ईजा ऐकून घेत होत्या. आणि मग त्या पदर तोंडाला लावून अशा हसल्या, की डोळ्यांतून पाणी आलं.

"डर तो सही है," त्या म्हणाल्या. "ला, इधर दे."

माझं सगळं गाठोडं त्यांनी पाट्याशी नेलं. आधी एक खडा जिभेवर ठेवला, डोळे मिटले, आणि विचारलं की समुद्र कसा असतो. मला समुद्राबद्दल कुणी इतक्या आदरानं कधी विचारलं नव्हतं. मी म्हणालो, "बहुत पानी." पन्नास पावलांवर खाडी असूनही मी तिच्याकडे पाठ करूनच बसलो होतो ना.

त्यांनी माझ्याच मिठाचं लूण वाटलं आणि पानात वाढलं. "अब खा. नमक तेरे बाप का है." मी खाल्लं, परत मागून घेतलं. जेवण झाल्यावर जगदीशनं लुणातल्या भांगेच्या बियांबद्दल सांगितलं आणि मी सबंध दुपार नशा चढायची वाट बघत पडून राहिलो. चढली नाही. बियांत नशा नसते, हे जगदीशनं मला संध्याकाळी सांगितलं, तोवर मी दोनदा नाडी बघितली होती.

कटारमल

माझं चित्र राहिलंच. मी आलो तो मे महिन्यात, आणि मे महिन्यात हिमालय नसतो. म्हणजे असतो, पण रानातल्या वणव्यांचा धूर आणि धूळ यांच्यामागे दडलेला असतो. जगदीशला हे माहीत होतं. "पत्रात का नाही लिहिलंस?" म्हणून मी तडकलो, तर म्हणाला, "तूने पूछा कब? तूने लिखा, मैं हिमालय बनाने आ रहा हूँ. मैंने सोचा, बना लेगा."

म्हणून पहिल्यांदा कटारमलच्या सूर्यमंदिराकडे गेलो. चढ खडा आणि सामान माझ्या पाठीवर. वाटेत बायका पानांच्या द्रोणांतून लालभडक काफळ विकत होत्या. ठाण्याजवळच्या येऊरच्या डोंगरातल्या बायका आपल्याकडे करवंदं आणतात तशाच. इथेही फळावर मीठ टाकून देतात. या वेळी मी निमूटपणे त्यांचंच खाल्लं. मंदिर जुनं, भोवती लहान देवळांचा घोळका, आणि वर माणूस नाही. मी जागा हेरली, तिपाई मांडली, तिचा एक पाय मोडला, आणि मी शेजारच्या झुडपावर बसलो.

त्या झुडपाला सिसूण म्हणतात. आपल्या खाजकुयलीचं ते थोरलं भावंड आहे. सूर्यदेवाच्या साक्षीनं मी जे नाचलो, ते अल्मोड्यातल्या कुठल्याही नर्तकानं केलं नसेल. मंदिराचं चित्र मी उभ्यानंच पुरं केलं, आणि परतल्यावर दोन दिवस उभ्यानंच जेवलो. ईजांनी मोहरीचं तेल दिलं आणि हसू दाबायचा प्रयत्न केला.

कसारदेवी

अल्मोड्यापासून अडीच कोसांवर कसारदेवीची धार आहे. तिथून हिमशिखरांची सबंध रांग दिसते म्हणतात. मी रोज पहाटे चढून जायचो, धुराकडे बघायचो आणि खाली यायचो. असे सहा दिवस गेले. सुट्टी संपत आली. स्वप्नात बाबा फावडं पुढे करायला लागले.

सातव्या दिवशी माझी मती फिरली. बाजारातल्या फोटोवाल्याकडून नंदादेवीचं पोस्टकार्ड घेतलं आणि खोलीचं दार लावून त्यावरून मोठं चित्र काढलं. पांढऱ्या रंगाची अख्खी ट्यूब बर्फावर थापली. निळं आभाळ, पांढरंशुभ्र शिखर, खाली दोन देवदार, त्यातला एक माझ्या पदरचा. चित्र गुळगुळीत झालं. बाबांना काय कळतंय, असा विचार मनात आला, आणि लगेच स्वतःची लाज वाटली. पण चित्र मात्र फाडलं नाही. ईजांना दाखवलं तेव्हा त्या म्हणाल्या, "अच्छा है. फोटू जैसा है." आणि भाजी निवडायला लागल्या.

त्या संध्याकाळी वळीव कोसळला. तास दीड तास गारा आणि वारा. पहाटे जगदीशनं मला हलवून उठवलं. "चल, आज धुल गया होगा." मी पिशवी उचलून धावलो. धारेवर पोचलो तेव्हा उजाडत होतं.

समोर सगळं होतं. डावीकडून उजवीकडे, आभाळाच्या मध्यावर, इतकं उंच की मी आधी खालीच शोधत होतो. त्रिशूळ, नंदादेवी, पंचचूली, जगदीश नावं सांगत होता. माझ्या मनात आलेला पहिला विचार इथे लिहायची लाज वाटते, पण खोटं कशाला लिहू? मला वाटलं, अरे, या राशी अजून झाकल्या कशा नाहीत?

आमच्या बांधावर पहाटे दिसतात तशाच त्या होत्या. वर तांबूस, मध्ये कोमट पिवळट, सावलीच्या अंगाला निळसर. पांढरा रंग कुठे नव्हताच. आठवडाभर मी हिमालयाची वाट बघत होतो, आणि तो समोर आला तर मला घराची आठवण झाली.

कागद लावला, रंग उघडले, आणि कळलं की पाण्याची बाटली खोलीवरच राहिली. पांढरी ट्यूब तर पोस्टकार्डानं खाल्लेली. ढग खालून सरकायला लागले होते. जगदीशच्या हातात टपरीवरून आणलेला चहाचा पेला होता. मी तो हिसकून घेतला आणि कुंचला त्यात बुडवला.

"अबे, मेरी चाय!"

चहात रंग कालवून मी पंधरा वीस मिनिटं काम केलं. पांढरा नव्हता म्हणून कागदच मोकळा सोडला. तेव्हा कुठे ईजांचं ऐपण आठवलं. बोटं गारठून लाकूड झाली होती. उजव्या शिखरावर चहाचा मोठा थेंब पडला आणि ओघळत खाली गेला, तो टिपेपर्यंत ढगांनी पडदा टाकला. हातात उरला तो असा हिमालय, मळकट, अर्धवट आणि दूधसाखरेचा. गुळगुळीत नंदादेवी काढणाऱ्या मास्तरानं तो कुणाला दाखवावा असा नव्हता.

निघताना ईजांनी माझ्याच गाठोड्यात वाटलेलं लूण भरून दिलं. बरोबर बालमिठाईचा पुडा. खव्याच्या तपकिरी वड्या आणि त्यांना चिकटलेले पांढरे दाणे. दाणे साखरेचे असतात. मी खात्री करून घेतली.

परत बांधावर

ठाण्याला उतरलो तो घरी न जाता सरळ मिठागरावर गेलो. बाबा उघड्या अंगानं, डोक्याला मुंडासं बांधून राशींवर झापं चढवत होते. माणसं धावपळीत होती. मला बघून त्यांनी एवढंच विचारलं, "मीठ पुरला?"

मी गाठोडं पुढे केलं. बोट बुडवून त्यांनी चाटलं. भुवया चढल्या. "यो कुनाचा?"

मी सगळं सांगितलं, पंक्तीतल्या फजितीसकट. बाबा हसले नाहीत. पुन्हा एकदा बोट चाटलं. "मंजे मीठ आपला, आन हात त्या माउलीचा."

"हो."

"मंग जागाला व्हया," असं म्हणून त्यांनी गाठोडं स्वतःच्या कमरेला खोचलं.

खोपटाच्या कुडाला मी चारही चित्रं टेकवून ठेवली. अल्मोड्याचा बाजार, कटारमल, पोस्टकार्डाची नंदादेवी, आणि शेवटी, न ठेवता राहवेना म्हणून, चहाचं. पोस्टकार्डवालं दारासमोर येईल अशा बेतानं मांडलं होतं. बाबा झापं न्यायला येत आणि जात होते. पहिल्या फेरीत बाजारावरून पुढे गेले. दुसऱ्या फेरीत कटारमलवरून. तिसऱ्या फेरीत नंदादेवीकडे त्यांनी बघितलं, "चुना लावलंस काय?" म्हणाले आणि चालू पडले. फावडं कुडालाच टेकलेलं होतं. मी त्याच्याकडे बघून घेतलं.

चौथ्या फेरीला खांद्यावर झाप घेऊन ते दारातून बाहेर पडले, आणि उभे राहिले.

चहाच्या चित्रापुढे. खांद्यावरचं झाप तसंच. बांधावरून कोणीतरी ओरडलं, "काका, काला आलंय!" खाडीच्या अंगानं ढग चढत होते. बाबा हलले नाहीत.

"ही सकालची रास," ते म्हणाले. "मीठ पांढरा कंदीच नसतंय. लोकांना वाटतंय. सकालचा आसाच आसतंय." मग उजव्या शिखरावरच्या ओघळाकडे बोट केलं. "हिकडून ढासललेय बग. हितं पानी लागलाय."

"चहा सांडला, बाबा."

"कायपन सांडो. ढासललेय ती ढासललेय." आणि झाप खाली ठेवत, माझ्याकडे न बघता म्हणाले, "शालेत र्‍हा तू. पर पोरांना केली नको शिकवू नुस्ती. हितं घेऊन ये. पांढरा कसा आसतंय ते बगूंदे."

बांधावरून बाबांना बोलावणं चालूच होतं. बाबांनी डोक्याचं मुंडासं सोडलं, चहाचं चित्र त्यात चारी बाजूंनी गुंडाळलं आणि खोपटाच्या आढ्याला, पाणी पोचणार नाही अशा जागी, खोचून ठेवलं. दोनदा हलवून बघितलं. मगच झाप उचलून बांधाकडे धावले, आणि फावडं घेऊन मी त्यांच्यामागे.

ढग नंतर येऊरच्या डोंगराकडे निघून गेले, थेंबसुद्धा पडला नाही. पण त्या दिवशी बाबांनी सगळ्यात चांगली रास पहिली नाही, दुसरी झाकली.